काट मारलेलं नाव

ड्रॅक्युला म्हटलं की वालाकियाचा व्लाद पाठोपाठ येतोच. पंधराव्या शतकात माणसं सुळी देणाऱ्या या राजावरूनच ब्रॅम स्टोकरने आपला रक्तपिपासू काउंट रचला, असं सर्रास सांगितलं जातं. स्टोकरची स्वतःची टिपणं मात्र वेगळी साक्ष देतात.

1912 साली स्टोकर वारला. पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने ही टिपणं लंडनला सॉदबीच्या लिलावात विकली. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांतलं तारीख घातलेलं सर्वांत जुनं टिपण 8 मार्च 1890चं. तरुण पाहुण्याच्या गळ्याशी झुकलेल्या बायका आणि ‘हा माझा’ म्हणत त्यांच्यावर कडाडणारा म्हातारा काउंट, हा प्रसंग त्यात आहे. ड्रॅक्युला हे नाव नाही. पात्रांच्या यादीत काउंटचं नाव आधी ‘वॅम्पायर’ असंच लिहिलेलं दिसतं. त्यावर काट मारून ‘ड्रॅक्युला’ केलेलं आहे. त्याचा मुलुखही आधी ऑस्ट्रियातला स्टिरिया होता, मग ट्रान्सिल्व्हेनिया झाला.

नवं नाव आलं कुठून? 1890च्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिटबी या बंदराच्या गावी सुट्टीला गेला होता. तिथल्या वाचनालयात त्याने विल्यम विल्किन्सन या माजी ब्रिटिश वाणिज्यदूताचं वालाकिया-मोल्डेव्हियावरचं 1820चं पुस्तक चाळलं. त्याच्या एका तळटिपेत म्हटलं होतं की वालाकियन भाषेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान. शौर्य, क्रौर्य किंवा कावेबाजपणात उठून दिसणाऱ्याला लोक हे नाव देत. स्टोकरने हा मजकूर टिपून घेतला, शब्द मोठ्या अक्षरांत लिहून.

खरं तर व्लादच्या बापाला 1431 साली राजा सिगिसमुंडने ‘ड्रॅगन’ संघात घेतलं, म्हणून तो ‘ड्रॅकुल’, आणि त्याचा मुलगा ‘ड्रॅक्युला’. पण रुमानियन भाषेत तोच शब्द सैतानालाही लागतो. विल्किन्सनने तेवढाच अर्थ दिला आणि स्टोकरने तेवढाच उचलला.

व्लादचा धागा अगदीच तुटलेला नाही. डॅन्यूब ओलांडून तुर्कांवर चालून गेलेला ड्रॅक्युला नावाचा एक सरदार आणि त्याच्या जागी बसलेला भाऊ, एवढं विल्किन्सनकडे होतं. ते कादंबरीतही उतरलं. सुळी देण्याचा उल्लेख मात्र टिपणांत कुठेच नाही. काउंट आधी जन्मला, नाव नंतर मिळालं. व्लादचं चरित्र त्याला चिकटवलं ते पुढच्यांनी.

हे नाव पुस्तकाचं होणं तर आणखी लांबलं. टंकलिखित प्रतीवर स्टोकरच्या हातचं शीर्षक आहे ‘द अन-डेड’. हक्क राखण्यासाठी 18 मे 1897 रोजी लायसियम थिएटरात झालेल्या नाट्यवाचनाच्या संहितेवर दोन्ही नावं आहेत: ‘ड्रॅक्युला, ऑर द अन-डेड’. आठच दिवसांनी, 26 मेला, पुस्तक आलं तेव्हा पिवळ्या कापडी बांधणीवर लाल अक्षरांत, तळटिपेतून उचललेलं ते एकच नाव उरलं होतं.