कुठून आलात? – साथीचा काळ आणि वाटेतले थांबे

साथीच्या दिवसांत वेशीवरचा पहारेकरी वाटसरूला पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, "कुठून आलात?" प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. वाटसरू एका गावाहून निघून थेट दुसऱ्या गावी पोहोचला असेल तर उत्तरही सोपेच असते. पण तो वाटेत दोन ठिकाणी थांबला असेल आणि तिसऱ्या ठिकाणी वाहन बदलून पुढे आला असेल, तर तो नेमका कुठून आला असे मानायचे? जिथून निघाला तिथून, जिथे थांबला तिथून, की शेवटचे वाहन जिथून सुटले तिथून? करोनाच्या साथीत, २०२० ते २०२२ या काळात, विमाने बदलत प्रवास करणाऱ्या असंख्य लोकांना या एका प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे मुकाट्याने मान्य करावी लागली. तो गोंधळ आता ओसरला आहे. पण त्याची मुळे बरीच जुनी आहेत आणि ती तपासण्यासारखी आहेत.

उदाहरणादाखल २०२१च्या उन्हाळ्यात नागपूरहून टोरांटोला शिकायला निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करू. कॅनडाने २२ एप्रिल २०२१ रोजी भारतातून येणारी थेट प्रवासी विमाने बंद केली, ती सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. भारतातून येणाऱ्या माणसांना मात्र बंदी नव्हती. त्यांनी वळसा घालून यावे, आणि येताना करोना नसल्याचा चाचणी अहवाल भारतातला न आणता वाटेतल्या तिसऱ्या देशातला आणावा, अशी अट होती. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याने आधी भारतीयांना दार उघडे ठेवणारा एखादा देश शोधायचा, तिथे मुक्काम करायचा, चाचणी करून घ्यायची आणि मग पुढचे विमान पकडायचे. नेहमीची वाट दुबईवरून. पण अमिरातीने एप्रिलच्या अखेरीसच भारतातून येणाऱ्यांना दार लावले होते. तेव्हा कोणी मेक्सिको गाठले, कोणी सर्बिया. थेट विमानात जितकी माणसे भेटली असती त्याहून कितीतरी अधिक माणसांत मिसळून, तीन विमानतळांवर रांगा लावून, घरच्यांची पुंजी खर्चून ही मुले कॅनडात उतरली. संसर्गाचा धोका कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमाने धोक्याचे प्रसंग वाढवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा विरोधाभास केवळ एखाद्या कारकुनाच्या डोक्यातून निघालेला नाही. क्वारंटाइन ही कल्पना जन्मली तेव्हापासून तो तिच्यासोबत आहे.

एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक, या नगरराज्याने १३७७ साली ठरवले की प्लेगग्रस्त मुलखातून येणाऱ्याने शहरात शिरण्यापूर्वी ३० दिवस बाहेर ठरलेल्या जागी काढावेत. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर कायमचे प्लेग-रुग्णालय उभारले. भूमध्य समुद्रातल्या बंदरांत हळूहळू आरोग्यपत्राची पद्धत आली. जहाज सुटताना तिथल्या बंदरात साथ आहे की नाही, हे त्या पत्रात लिहिलेले असे. साथ नसेल तर पत्र 'स्वच्छ', असेल तर 'दूषित', आणि नक्की सांगता येत नसेल तर 'संशयित'. जहाज वाटेत ज्या बंदरांना लागे तिथल्या वकिलातीचा शेराही त्या पत्रावर घ्यावा लागे. थोडक्यात, जहाजाचा सारा प्रवास त्या कागदावर उमटत जाई. पण प्रत्येक बंदराचे नियम निराळे. एकाच आरोग्यपत्रावर एका बंदरात जहाजाला मोकळी वाट मिळे, तर दुसऱ्या बंदरात त्याच जहाजाला कित्येक दिवस नांगर टाकून बसावे लागे. शेजारच्या बंदराचा व्यापार आपल्याकडे खेचण्यासाठीही हे नियम सैल किंवा कडक केले जात.

या बजबजपुरीला कंटाळूनच १८५१ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १२ राष्ट्रांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवले, एक डॉक्टर आणि एक राजनैतिक अधिकारी. ही जोडीच पुष्कळ काही सांगून जाते. रोग कसा पसरतो याचे उत्तर डॉक्टरांजवळ नव्हते, आणि व्यापार कोणी किती सोसायचा याचे उत्तर मुत्सद्द्यांना द्यायचे नव्हते. महिनोन्‌महिने चर्चा होऊन मसुदा तयार झाला, पण टिकाऊ असे काही त्यातून निघाले नाही. पहिला खरा करार व्हायला १८९२ साल उजाडले.

इथे मुंबईचा संबंध येतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत साऱ्या युरोपचे लक्ष मुंबई बंदराकडे लागले. मुंबईहून हाजी मक्केला जातात, तिथे जगभरच्या यात्रेकरूंत मिसळतात आणि तिथून साथ भूमध्य समुद्रात उतरेल, ही ती धास्ती होती. वाटेतल्या थांब्याचीच ती धास्ती म्हणायची. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरली. तिथल्या कराराने जहाजांचे निरोगी, संशयित व बाधित असे वर्ग केले आणि हे वर्ग जहाजावर प्रत्यक्ष काय घडले यावरून ठरवले. जहाज मुंबईहून सुटले एवढ्याच कारणाने त्याला बाधित ठरवता येणार नव्हते. जहाज कुठून आले यापेक्षा जहाजावर कोणी आजारी पडले का, हा प्रश्न मोठा झाला. माणसाच्या गावावरून त्याची परीक्षा न करता त्याच्या प्रकृतीवरून करावी, हा विचार आंतरराष्ट्रीय कायद्यात स्पष्टपणे आला तो असा.

अर्थात, या विचाराला जहाजाच्या संथपणाचा आधार होता. मुंबईहून सुएझला पोहोचेपर्यंत रोगाला प्रकट व्हायला पुरेसे दिवस मिळत. समुद्रप्रवास हेच एक क्वारंटाइन होते. विमानाने हा आधार काढून घेतला. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या अवधीत माणूस तीन देश ओलांडून जाऊ लागला. म्हणून १९३३ साली हेग येथे हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्य करार झाला.

या टप्प्यावर भारताला विशेष भीती होती ती पीतज्वराची. या रोगाचा डास भारतात मुबलक आहे, पण रोग आजवर इथे स्थिरावलेला नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून एखादा प्रवासी विषाणू घेऊन आला तर काय, या चिंतेतून आपल्याकडे कडक नियम झाले आणि ते आजही लागू आहेत. बाधित देशातून सहा दिवसांच्या आत, लशीच्या वैध दाखल्याशिवाय येणाऱ्याला त्या मुदतीपुरते वेगळे ठेवले जाते. मात्र जो प्रवासी अशा देशात केवळ विमान बदलण्यापुरता थांबला आणि विमानतळाबाहेर पडला नाही, त्याला आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सूट मिळू शकते. म्हणजे वाटेतल्या थांब्याचा प्रश्न इथे विचारपूर्वक सोडवलेला दिसतो. हे साधले, कारण रोगाचा अवधी ठाऊक होता, लस एकच होती आणि तिचा दाखला साऱ्या जगात एकाच नमुन्याचा होता.

२०२० साली यातले काहीच हाताशी नव्हते. मग प्रत्येक देशाने स्वतःपुरती उत्तरे दिली आणि ती तीन बाबतींत एकमेकांशी भांडू लागली.

पहिली बाब कालगणनेची. चाचणी प्रवासाआधी ७२ तासांच्या आत हवी, हे ठीक. पण कोणत्या विमानाआधी? कॅनडा हे तास कॅनडात उतरणाऱ्या शेवटच्या विमानापासून मागे मोजत असे. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून तासांऐवजी तीन दिवस धरले. सगळे टप्पे एकाच आरक्षणात असतील आणि कुठलाही थांबा २४ तासांपेक्षा लांबलेला नसेल, तर हे दिवस पहिल्या विमानापासून मोजायचे. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानापासून. शेजारी शेजारी बसून आलेल्या, एकाच वेळी चाचणी केलेल्या दोघांपैकी एकाचा अहवाल ग्राह्य आणि दुसऱ्याचा शिळा, हे त्यामुळे शक्य झाले. फरक एवढाच, की दुसऱ्याने चार पैसे वाचवायला तिकिटे सुटी काढली होती.

दुसरी बाब मार्गाची. ऑस्ट्रेलियाने २७ एप्रिल २०२१ रोजी भारतातली थेट विमाने थांबवली. पण आयपीएल सोडून निघालेले ॲडम झाम्पा व केन रिचर्डसन दोहामार्गे मायदेशी पोहोचले. पळवाट उघडी पडली. मग ३ मेपासून, आदल्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या कोणीही, अगदी ऑस्ट्रेलियाच्या नागरिकानेही, देशात पाऊल ठेवणे गुन्हा ठरले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात अडकले होते आणि त्यांतले कितीतरी मूळचे इथलेच होते. बंदी १५ मेला उठली. तोवर उरलेले क्रिकेटपटू मालदीवमध्ये थांबले होते. ज्यांना मालदीव परवडत नव्हते ते घरात बसून वाट पाहत होते.

तिसरी बाब दाखल्याची, आणि ती पुण्याला चांगलीच झोंबली. ऑक्टोबर २०२१च्या आरंभी ब्रिटनने कोविशिल्ड ही लस मान्य केली, पण ती टोचल्याचा भारतीय दाखला मान्य केला नाही. पुण्यात तयार झालेल्या याच लशीच्या ५० लाख मात्रा त्याआधी ब्रिटनला गेल्या होत्या. म्हणजे पुण्याची लस लंडनमध्ये टोचली तर माणूस सुरक्षित, पुण्यातच टोचली तर दहा दिवस घरात बंद. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तशीच अट घालून उत्तर दिले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंनी माघार घेतली. यात वैद्यकशास्त्र किती आणि मानापमान किती, हे वाचकांनीच ठरवावे.

परदेशांना नावे ठेवताना घरचे चित्र विसरता येत नाही. २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात उतरणाऱ्याच्या हातावर शिक्का मारून त्याला १४ दिवस घरी बसवले जाई. मुंबईहून बंगळूरला उतरणाऱ्याला मात्र आधी सात दिवस सरकारी देखरेखीखाली काढावे लागत. पुढे ओमायक्रॉनची वार्ता येताच ३० नोव्हेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राने आदेश काढला. परदेशातून मुंबईत उतरणाऱ्या सर्वांची चाचणी, अहवाल चांगला आला तरी १४ दिवस गृहविलगीकरण, आणि मुंबईत विमान बदलून पुढे जाणाऱ्यालाही अहवाल येईपर्यंत थांबणे भाग. केंद्राचे नियम असे नव्हते. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पत्र पाठवून विसंगती दाखवली आणि २ डिसेंबरला आदेश सौम्य झाला. मधल्या दोन दिवसांत एकच प्रवासी दिल्लीत उतरला तर एका नियमाखाली आणि मुंबईत उतरला तर दुसऱ्या, अशी स्थिती होती.

याचे मूळ आपल्या कायद्याच्या रचनेत आहे. राज्यघटनेने बंदरांवरचे आणि राज्याराज्यांमधले क्वारंटाइन केंद्राकडे दिले, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, आणि साथ एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देण्याचा विषय दोघांकडे. मुंबईच्या प्लेगमुळे घाईने केलेला १८९७चा साथरोग कायदा २०२० सालीही आपला मुख्य आधार होता. त्यातल्या केंद्राच्या अधिकारात जहाजे होती. बस, आगगाडी आणि विमान यांचा उल्लेख तिथे यायला २०२० सालची दुरुस्ती लागली. विमानातून उतरणारा माणूस धावपट्टीवर केंद्राचा असतो आणि दाराबाहेर पडताच राज्याचा होतो. मधल्या गल्लीत तो कोणाचा, हे तिथे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते.

सरकारांची बाजूही मांडली पाहिजे. नव्या विषाणूबद्दल अज्ञान खरे होते आणि उशीर केल्यास माणसे मरणार हेही खरे होते. २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतले ४३वे कलम देशांना जादा निर्बंध घालण्याची मुभा देते. त्यामागचे शास्त्रीय कारण कळवावे, अशी अपेक्षाही ठेवते. २०२४ साली नियमावलीत दुरुस्त्या झाल्या, पण ही मुभा कायम आहे. म्हणजे पुढच्या साथीतही पहारेकरी अनेक असतील. आक्षेप त्यांच्या असण्याला नाही. १८९७ साली व्हेनिसला जमलेल्यांना जो फरक कळला होता, माणसाचे गाव आणि माणसाची प्रकृती यांतला, तो १२४ वर्षांनी विस्मरणात गेला, ही खरी खंत आहे. आईच्या अखेरच्या भेटीसाठी निघालेला मुलगा वाटेत एखाद्या विमानतळावर अडकतो तेव्हा तो आजारी आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. त्याच्या कागदावर कोणत्या शहराचा शिक्का आहे, एवढेच पाहिले जाते.

रागुसाच्या पहारेकऱ्याजवळ याहून चांगला प्रश्न नव्हता. आपल्याजवळ आहे. तो विचारायची सवय मात्र साथ नसतानाच लावून घ्यावी लागेल.