मका आणि मिलो

१९७२चा दुष्काळ आपल्या बॅचमधला कुणी विसरला असेल असं वाटत नाही. आपण आठवीत होतो. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. खेड्यांतून येणाऱ्या मुलांचे आईवडील खडी फोडायला, नालाबंडिंगला जात. तिथं मिळणारी सुकडी ती मुलं खिशातून आणत आणि मधल्या सुट्टीत आपण सगळे ती मागून खायचो.

त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलाला आपण 'दुष्काळी' म्हणत होतो. नाव लिहीत नाही, ओळखलं असेलच. त्याचे आजोबा १९००च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढले, एवढाच त्याचा गुन्हा. 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द आपण कुणाच्या ओसरीवरून उचलून आणले होते कोण जाणे. मीही ते म्हटले आहेत. पुढं मी इतिहासाचा शिक्षक झालो, तरी आपल्या नगरचा हा इतिहास नीट वाचायला मला निवृत्त व्हावं लागलं.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोन पाद्री, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. हॉल १८२६मध्ये नाशिककडच्या फिरतीत पटकीनं वारले. १८३१च्या अखेरीस मिशन नगरला आलं. मुलींना शिकवण्यासाठी १८२७मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार १८३९मध्ये नगरला आल्या आणि १८६२मध्ये इथंच वारल्या. लग्न न केलेली एकटी बाई समुद्र ओलांडून येते आणि आपल्या गावात तेवीस वर्षं मुलींना अक्षर ओळखायला लावते! जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढण्याआधी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या होत्या, हे आपल्याला वर्गात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता दुष्काळ. १८९६-९७च्या दुष्काळातून आणि प्लेगमधून मुलूख अजून सावरला नव्हता, तोच १८९९चा पाऊस गेला. या खेपेला धान्याइतकाच चाऱ्याचा खडखडाट झाला आणि दावणीच्या दावणी रिकाम्या पडल्या. बैल गेल्यावर पुढच्या पावसात पेरायचं कशानं? लोक सरकारी कामांवर गेले. खडी फोडायची, मोजून द्यायची, मापाप्रमाणे मजुरी घ्यायची. १९००च्या उन्हाळ्यात त्या कामांवर पटकी शिरली आणि आईबाप एका रात्रीत जाऊ लागले. मागं राहिलेली पोरं कुणाची?

नगरच्या मिशनचे रॉबर्ट ह्यूम त्या वेळी मदतकार्यात पुढं होते. त्यांचा जन्म १८४७मध्ये मुंबईतच झालेला. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानं वाचकांकडून मदत गोळा केली आणि मे १९००मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईकडे निघालं. दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन. पोरक्या मुलांसाठी मिशननं अनाथालयं उघडली, पाठोपाठ हातकाम आलं: सुतारकी, विणकाम. चर्चिल नावाच्या मिशनरी इंजिनियरनं नगरला सुधारित हातमागही तयार केला.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. अनाथालयात वाढलेलं पोर ख्रिस्ती म्हणूनच वाढे. त्याला कुणी विचारत नसे. लाला लजपतराय यांचा आक्षेप हाच होता, पण ते आक्षेप घेऊन थांबले नाहीत. हिंदू अनाथ मुलांना सांभाळण्याची चळवळ त्यांनी स्वतः उभी केली. त्याआधी १८७७च्या दुष्काळात फुल्यांनी धनकवडीला बालाश्रम चालवला होता. आपल्या मित्राला नावं ठेवायला आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्या पूर्वजांनी त्या साली किती पोरं घरात घेतली, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही.

आठवीच्या नाताळात आपण सातआठ जण त्याच्या घरी करंज्या खायला गेलो होतो, आठवतं? (चिडवायचो, तरी करंज्यांना नाही म्हणत नव्हतो.) आजोबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. जन्मभर सुतारकाम केलेले, बोटं वाकलेली. पुढ्यात मिलोची भाकरी होती. ती हातात फिरवत आपल्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मागल्या येळंला पिवळं धाडलं व्हतं त्यांनी. औंदा तांबडं धाडलंय." आपण म्हाताऱ्याची चळ म्हणून खिदळलो. 'क्विटो'वरच्या मक्याबद्दल वाचलं तेव्हा कुठं मला त्या वाक्याचा अर्थ लागला. आपली मिलोही अमेरिकेतूनच आलेली. ती नगरच्या सगळ्या घरांनी खाल्ली, आणि आपल्याला कुणी 'दुष्काळी' म्हटलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला फोनवर वाचून दाखवला. माफी मागायचं ठरवून फोन केला होता, पण शब्द नीट जुळले नाहीत. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक चूक आहे. आजोबा 'अनाथालय' कधी म्हणायचे नाहीत. ते 'बोर्डिंग' म्हणायचे. तेवढं दुरुस्त कर."

वर जिथं जिथं 'अनाथालय' आलं आहे, तिथं कृपया 'बोर्डिंग' वाचावं.