चार मिलिमीटरचा एक फूट : रॉय इंग्लंड यांचे पुठ्ठ्याचे खेडे

दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो, तेव्हा त्यातला मावळा बुरुजाहून उंच असतो आणि तोफेपेक्षा वाघ मोठा असतो. कोणाची हरकत नसते, कारण त्या किल्ल्याला प्रमाण नसतेच. आजचा हा धागा अशा एका गृहस्थांविषयी आहे, ज्यांनी प्रमाण कधीही सोडायचे नाही असे ठरवले आणि त्या हट्टापायी उभे आयुष्य एका खेड्यासाठी वेचले. ते खेडे पुठ्ठ्याचे होते आणि त्याच्या शेजारून आगगाडी जात होती.

रॉय इंग्लंड मूळचे ऑस्ट्रेलियातील पर्थचे. १९२५ मध्ये, ऐन तारुण्यात, ते इंग्लंडला आले आणि स्विंडन शहराच्या पूर्वेकडील एका खोऱ्याच्या प्रेमात पडले. ‘व्हेल ऑफ द व्हाइट हॉर्स’ हे त्या खोऱ्याचे नाव. तेथील टेकडीच्या उतारावर चर खणून, त्यांत खडूचा चुरा भरून काढलेली सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची अश्वाकृती आहे, त्यावरून ते पडले. खोऱ्याच्या तळातून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडन-ब्रिस्टल मार्ग जातो. गाड्यांची विलक्षण ओढ असलेल्या या तरुणाला रुळांच्या आसपासची गवताने शाकारलेली घरेही तितकीच मोहवू लागली.

आणि ती घरे डोळ्यांदेखत बदलत होती. शाकारलेली छपरे उतरवून ॲस्बेस्टॉसचे पत्रे चढत होते, जुन्या खिडक्या काढल्या जात होत्या, रस्त्याकडेला पेट्रोलपंप आणि जाहिरातींचे फलक उभे राहत होते. सरकारकडे अर्ज करावा, वर्तमानपत्रांत पत्रे लिहावीत, हा मार्ग अनेकांनी धरला असता. इंग्लंड यांनी निराळाच उपाय योजला. ही घरे वाचत नसतील, तर ती मोजून घ्यायची आणि लहान आकारात जशीच्या तशी पुन्हा बांधायची. १९३० च्या दशकात त्यांनी या कामाला हात घातला.

इथे थोडे गणित करावे लागेल. ज्या प्रमाणात त्यांनी काम केले, त्यात खऱ्या जगातील एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६. सहा फुटी दरवाजा २४ मिलिमीटरचा होतो. नऊ इंच लांबीची वीट ३ मिलिमीटरची, आणि तिची उंची जेमतेम १ मिलिमीटर. पुठ्ठ्यावर अशा विटांच्या ओळी कोरायच्या आणि मग एकेक वीट जलरंगाने स्वतंत्र रंगवायची, कारण खऱ्या भिंतीत दोन विटांचा रंग क्वचितच सारखा असतो. छपरासाठी नळजोडणीच्या कामात वापरतात तो तागासारखा तंतू. बागेतील फुले-पाने कागदाची. एका घराला शेकडो तास लागत. बाजारात तयार मिळणारे भाग इथे उपयोगाचे नव्हते. कारखान्यातून येते ते ‘एक घर’ असते, इंग्लंड यांना मात्र ‘ते घर’ हवे होते.

प्रमाणाचा हा आग्रह किती अवघड होता, हे रुळांवरून कळते. आगगाडीच्या खेळण्यांना ठरावीक मापे दिली ती जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने, १८९१ मध्ये. पुढे ही खेळणी लहान लहान होत गेली आणि ब्रिटनमध्ये एक पेच उभा राहिला. तेथील खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. एका फुटाला ३.५ मिलिमीटर धरले, तर त्यांच्या पोटात विजेची मोटार मावेना. मग तडजोड निघाली : इंजिन ४ मिलिमीटरच्या हिशेबाने करायचे, रूळ मात्र ३.५ च्या हिशेबाचे, म्हणजे १६.५ मिलिमीटर अंतराचे, तसेच ठेवायचे.

परिणाम असा, की ४ फूट ८.५ इंचांचा ब्रिटिश रेल्वेमार्ग या खेळण्यात ४ फूट १.५ इंचांचा झाला. सात इंच हरवले! बहुतेकांनी ते मुकाट्याने मान्य केले आणि आजही करतात. नेमके अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवे. इंग्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ मिलिमीटरचा रूळ स्वीकारला. ही माघार कमी लाजिरवाणी होती, पण तिच्यापायी चाके आणि सांधे सारे काही हाताने करणे आले.

या कथेत आणखी एक नाव घ्यायलाच हवे. लंडनच्या जॉन अहर्न यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅडर व्हॅली’ नावाची छोटी रेल्वे घरातच उभारली. तोवर छंदी मंडळींचे सारे लक्ष इंजिनांवर आणि रुळांवर असे, भोवतालचा देखावा म्हणजे नंतर चिकटवायची शोभा. अहर्न यांनी टेकडी, नदी, बंदर, गावाची गल्ली आणि गाडी ही एकाच चित्राची अंगे मानली, आणि ते करावे कसे, यावर पुस्तकेही लिहिली. त्यांची दरी सर्वस्वी काल्पनिक होती. इंग्लंड यांना त्यांच्याकडून दृष्टी मिळाली असेल, पण त्यांचा हेतू वेगळा होता. त्यांना साक्ष ठेवायची होती.

१९५४ मध्ये लाँग विटनहॅम या गावी पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. ते गाव आज ऑक्सफर्डशरमध्ये येते. हळूहळू तेथे कुशल माणसे जमली. गाय विल्यम्स यांनी धातूचे पत्रे कापून डझनावारी इंजिने घडवली. तोवर ग्रेट वेस्टर्न रेल्वे हीदेखील इतिहासजमा झाली होती, कारण १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे घरांची नोंद करायला निघालेल्या माणसाच्या हातून रेल्वेचीही नोंद होत गेली.

पेंडनमधील एका देखाव्यात डार्टमूरचा उजाड प्रदेश आहे आणि त्यात इझम्बार्ड ब्रुनेल यांच्या शैलीचा लाकडी पूल. दगडी खांबांच्या माथ्यावरून पंख्यासारखे पसरलेले वासे, आणि कोणताही एक वासा कुजला तर पूल न पाडता तेवढाच बदलता यावा अशी रचना. पुढे उत्तम पाइन लाकूड दुर्मीळ आणि महाग झाले, आणि हे पूल एकामागून एक बदलले गेले. कॉर्नवॉलमधील फाल्मथ शाखेवरचा शेवटचा पूल १९३४ मध्ये गेला. आज असा पूल उभा पाहायचा, तर तो ४ मिलिमीटरच्या जगातच.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न : या प्रतिकृतीवर साधन म्हणून किती विसंबावे?

पेंडनच्या मुख्य देखाव्यातील गावाचे नाव ‘पेंडन पार्वा’. हे गाव नकाशावर नाही. खोऱ्यातील वेगवेगळ्या गावांतली खरी घरे मोजून, त्यांच्या खऱ्या रंगारूपासह, एका कल्पित गावात शेजारी शेजारी आणून बसवली आहेत. एकेक घर पुरावा आहे, पण गाव हा पुरावा नव्हे, ती रचना आहे. बखरीत खऱ्या माणसांच्या तोंडी लेखकाची वाक्ये येतात, तसेच काहीसे. फरक इतकाच, की इथे जोड कोठे दिला आहे हे लपवलेले नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. दोन महायुद्धांमधील काळ इंग्लंडच्या शेतमजुरांना फार कठीण गेला. ज्या शाकारलेल्या छपरासाठी बाहेरून आलेला तरुण हळहळत होता, त्याच छपरातून आत राहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर पाणी गळत असेल, तर पत्र्याचे त्यांनी स्वागतच केले असेल. पुठ्ठ्याच्या घराला ओल येत नाही, आणि तेथे कोणाचे भाडे थकत नाही. परसातली कोबी दिसते, ती खाणाऱ्यांची भूक दिसत नाही.

तरीही मी त्या घरांना साधनच म्हणेन. लिहिलेल्या वर्णनात ‘जुने, सुंदर घर’ एवढे म्हणून निभावते. प्रतिकृती करणाऱ्याला ती पळवाट नाही. धुराडे किती विटांचे, खिडकी कोणत्या बाजूला उघडते, परसात भाजी कोणती, याचे उत्तर त्याला द्यावेच लागते, नाहीतर तेवढी जागा रिकामी दिसते.

रॉय इंग्लंड १९९५ मध्ये निवर्तले. गाव तेव्हा पूर्ण झाले नव्हते आणि स्वयंसेवकांनी ते पुढे चालू ठेवले. अहर्न यांच्या पश्चात त्यांची मॅडर व्हॅलीदेखील याच संग्रहालयात आली. त्या काल्पनिक दरीतल्या मूळ गाड्या तेथे अधूनमधून रुळांवर धावतात, त्याच जुन्या १६.५ मिलिमीटरच्या, सात इंच हरवलेल्या रुळांवर.