एक मूल्य, अनेक वेष

नाशिक म्हटलें कीं डोळ्यांपुढें गोदावरीचा घाट उभा राहतो. पण याच शहराच्या नाशिकरोड भागांत १९२८ सालीं चलनी नोटांचें मुद्रणालय सुरू झालें, आणि आजच्या विषयाचा आरंभ मला तेथूनच करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकांत नोट ज्या मंडलांतून निघे, त्याच मंडलांत ती कायदेशीर चलन मानली जाई. तिच्यावरील भाषाहि मंडलागणिक बदलत. आरंभीं त्या दोन होत्या, पुढें आठ झाल्या. आजच्या नोटेवर हिंदी व इंग्रजीखेरीज पंधरा भाषांत तीच रक्कम लिहिलेली असते. मूल्य एक, वेष अनेक! हा वेष ठरविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. १९५३ सालीं नव्या नोटांवर हिंदीस ठळक स्थान मिळालें, तेव्हां 'रुपया' या शब्दाचें हिंदी अनेकवचन काय, हाहि वाद मिटवावा लागला. निर्णय 'रुपये' या रूपाच्या बाजूनें झाला.

मुद्रणालयांत असा निर्णय माणसें एकदांच करतात; संगणकास तो क्षणोक्षणीं करावा लागतो. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं 'सी' ही संगणकभाषा घडविली. तिच्या साधनसंग्रहांत 'प्रिंटएफ' नांवाचें साधन आहे. त्यास नमुन्याचें वाक्य द्यावें. त्यांत जेथें टक्क्याचें चिन्ह असेल, तेथें तें नांव किंवा रक्कम भरून देतें. छापील पावतीवरील रिकाम्या जागा भराव्या, तसाच हा प्रकार. सी भाषा नाना यंत्रांवर पोंचली, परंतु तिच्यामागील करार सर्वत्र सारखा पोंचला नाहीं.

ठराविक जागेंत मजकूर बसविणाऱ्या 'एसएनप्रिंटएफ' या साधनाचेंच पाहा. मजकूर मावला नाहीं, तर त्यानें काय उत्तर द्यावें? पूर्ण मजकुरास किती जागा लागली असती तें सांगावें, असें १९९९ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें ठरविलें. तत्पूर्वीं लिनक्सवरील साधन केवळ 'उणें एक' म्हणे. मायक्रोसॉफ्टचें जवळजवळ त्याच नांवाचें साधनहि तेंच उत्तर देई, आणि शिवाय मजकूर संपल्याची खूण लिहावयाची सोडून देई. मग वाचणारा प्रोग्राम शेजारच्या स्मृतींतील भलतेंच कांहीं मजकूर समजून वाचीत सुटे. प्रमाणाबरहुकूम साधन त्या कंपनीनें २०१५ सालीं दिलें.

आतां आपल्या घरची अडचण पाहूं. इंग्रज 'पेज थ्री ऑफ टेन' म्हणतो. आपण 'दहांपैकीं तिसरें पान' म्हणतों. आकड्यांचा क्रमच उलटतो! रिकाम्या जागांना क्रमांक देऊन हें साधतें. पण ती सोय युनिक्स-कुळाच्या प्रमाणांत आहे, सीच्या मूळ प्रमाणांत नाहीं.

याहून खोल प्रश्न अक्षरांचा आहे. 'नाशिक' या शब्दांत आपण तीन अक्षरें मोजतों. युनिकोड त्यांत पांच चिन्हें मोजतें: न, काना, श, वेलांटी आणि क. १९९२ सालीं निघालेल्या युटीएफ-आठ या पद्धतींत त्यांतील प्रत्येकास तीन बाइट लागतात, एकूण पंधरा. प्रिंटएफ मोजतें तें हे बाइट. त्याच्याकडे दहा घरांचा रकाना मागितला, तर पंधरा घरें भरलींच आहेत असें समजून तें एकहि मोकळी जागा सोडीत नाहीं, आणि यादी वांकडी होते. चारच घरांत बसवा म्हटलें, तर 'न' उरतो आणि कान्याचा एक तुकडा, जो कोणासहि वाचतां येत नाहीं. साध्या इंग्रजी नांवाचें असें होत नाहीं, कारण तेथें एक अक्षर म्हणजे एक बाइट.

सी भाषेच्या घडवणाऱ्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. आपलें माप तेंच सर्वांचें माप, एवढेंच त्यांनीं न सांगतां गृहीत धरलें होतें. परंतु दवाखान्याच्या किंवा धान्यवाटपाच्या यादींत ज्याचें नांव मध्येंच तुटेल, त्यास हें गृहीत महाग पडेल. नोटेवर प्रत्येक भाषेस तिची स्वतःची ओळ आहे. संगणकाच्या कागदावरहि ती हवी असेल, तर अक्षर कशास म्हणावें हें आधीं स्पष्ट लिहून ठेविलें पाहिजे. देशोदेशीं चालणारें नाणें असो वा वाक्य, त्याचा करार अध्याहृत ठेवून चालत नाहीं.