बाळाला न विचारता बाप्तिस्मा का?

आजचा विषय ऐकायला साधा आहे. ज्या बाळाला अजून बोलताही येत नाही, त्याचा बाप्तिस्मा करावा की नाही? ख्रिस्ती जगात या एका प्रश्नावरून चर्च फुटली, मित्र दुरावले, माणसं मारली गेली. आणि या भांडणाचा एक धागा आपल्या वाशीमपर्यंत येतो.

वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल बऱ्याच जणांना माहीत असेल. १९३८ मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल नाझरीन चर्चचं. त्याआधी इथं मेथडिस्ट मिशनचं काम होतं, ते १९३०च्या दशकात नाझरीन लोकांकडे आलं. मेथडिस्टांचा नियम स्पष्ट होता. त्यांचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७८४ मध्ये २४ कलमं काढली, त्यांत लहान मुलांचा बाप्तिस्मा चालूच ठेवावा असं सांगितलं. नाझरीन चर्चनं दार दोन्हीकडून उघडं ठेवलं. आईवडिलांनी मागणी केली आणि मुलाला ख्रिस्ती वळण लावायची हमी दिली, तर बाळाचा बाप्तिस्मा होतो. नको असेल तर बाळाचं फक्त समर्पण करतात. बाप्तिस्मा ते मूल मोठं झाल्यावर स्वतः घेतं.

म्हणजे निर्णय घरातल्यांचा. मग निवडायचं कसं?

आधी विरोधी बाजू ऐकू, कारण ती दमदार आहे. बाप्तिस्मा म्हणजे विश्वासाची कबुली. बाळ कबुली कशी देणार? बायबलमध्ये लोक आधी ऐकतात, विश्वास ठेवतात आणि मग पाण्यात उतरतात. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी याच मुद्द्यावर एकमेकांचा नव्यानं बाप्तिस्मा केला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारलं. बुडवणारं सरकार बाळांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचं होतं. या बाजूनं बोलताना हा डाग लपवून चालणार नाही.

आता दुसरी बाजू. पहिला मुद्दा घराण्याचा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात लुदिया नावाच्या व्यापारी बाईचा आणि नंतर एका तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा होतो. दोघांचाही घरच्या सगळ्यांसकट. त्या घरांत बाळं होती असं लिहिलेलं नाही, पण त्या काळी धर्म हा एकट्या माणसाचा नव्हता, कुटुंबाचा होता, हे नक्की दिसतं.

दुसरा मुद्दा कराराचा. देवानं अब्राहामाशी करार केला, त्याची खूण म्हणजे सुंता. ती आठव्या दिवशी व्हायची. आठ दिवसांच्या मुलाला काय कळतं? तरीही ते करारात आलं. पौलानं कलस्सैकरांच्या पत्रात सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवले आहेत. मग नव्या करारात बाळांना बाहेर का ठेवायचं?

तिसरा मुद्दा इतिहासाचा. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन म्हणतो, मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका. थांबा म्हणावं लागलं, याचा अर्थ लोक ते करत होते! पुढे २५३ च्या सुमारास कार्थेजमध्ये ६६ बिशप जमले. बाळ आठ दिवसांचं होईपर्यंत थांबायचं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. उत्तर आलं, तेवढंही थांबू नका.

हा वाद महाराष्ट्राच्या इतिहासातही डोकावतो. १८१२ मध्ये अमेरिकेतून मिशनरींची एक तुकडी दोन जहाजांनी भारताकडे निघाली. बाळांचा बाप्तिस्मा सगळ्यांनाच मान्य. पण एका जहाजावर अडोनिराम जडसन अभ्यास करत बसला आणि त्याचं मत बदललं. कलकत्त्यात त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तो ब्रह्मदेशात गेला. दुसऱ्या जहाजावरचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट जुन्या मतावर राहिले. ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं.

मला स्वतःला सगळ्यात पटतं ते पंडिता रमाबाईंचं उदाहरण. २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेजमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्याबरोबर मनोरमेचाही. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. आई शास्त्रार्थ करणारी विदुषी, लेक बोबडी बोलणारी. पाणी एकच.

गंमत पुढे आहे. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईचीही ही गत! म्हणजे समज पूर्ण झाली की मगच बाप्तिस्मा, असा नियम लावला तर मोठी माणसंही त्यात बसत नाहीत. बाळाच्या बाप्तिस्म्याची बाजू हेच सांगते. देवानं आधी हात पुढे केलाय, माणसाला तो कळतो हळूहळू.

पण आईवडिलांची हमी पोकळ नको. मनोरमेला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा, यावरून रमाबाईंचे वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून चांगलेच खटके उडाले. लेकीचा बाप्तिस्मा केला म्हणजे तिला चर्चच्या हवाली केलं, असं त्यांनी मानलं नाही. मनोरमा पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली.

"मुलाला मोठं होऊन ठरवू दे" हे वाक्य आपल्याला आवडतं. पण बारशाला नाव ठेवताना आपण बाळाला विचारतो का? भाषा, आडनाव, घरचे सण, सगळं न विचारताच देतो. मोठं झाल्यावर ते मूल यातलं काही सोडूही शकतं. बाप्तिस्म्याचंही तसंच. कॅथलिक चर्चमध्ये तर दृढीकरण असतं; तिथं मूल मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं होकार देतं. तो होकार खरा असायचा तर नकाराची मोकळीकही खरी हवी. फेलिक्स मान्झला ती मिळाली नव्हती.

म्हणून माझं मत असं: बाळाचा बाप्तिस्मा जरूर करावा, पण त्या दिवशी परीक्षा बाळाची नसते. ती हमी देणाऱ्या आईबापाची असते, आणि निकाल लागायला वीस वर्षं जातात.

तुमच्या घरात काय ठरलं होतं, आणि कुणी ठरवलं होतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!