पेट्रोलमधला अल्कोहोल

बिबवेवाडीच्या पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे मळीपासूनही बनणारे अल्कोहोल, असते. कल्पना जुनीच. त्यासाठी १९४८ सालीच आपल्याकडे पॉवर अल्कोहोल कायदा झाला. तो २००० साली रद्द झाला आणि, गंमत पाहा, पुढच्याच वर्षी मिरज व मनमाड येथे ५ टक्के मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले!

खरी अडचण पाण्याची. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि अल्कोहोललाही खाली ओढते. पूर्वी ते काढण्यासाठी बेंझीन वापरीत. आता सूक्ष्म छिद्रांचे झिओलाइट पाणी शोषून घेते.

इथेनॉलची उष्णता मात्र लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. म्हणजे २० टक्के मिश्रणात सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. हा आकडा पंपावरच लिहायला हवा.