धर्मनिवडीची वैयक्तिक कारणे : नारायण शेषाद्री आणि जालन्याजवळील बेथेल वस्ती – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धर्म हा जन्माने प्राप्त होतो, ही भारतीय समाजमनात खोलवर रुजलेली धारणा आहे. तथापि जन्माने लाभलेल्या मार्गापेक्षा वेगळा आध्यात्मिक मार्ग जाणीवपूर्वक निवडणाऱ्या व्यक्ती प्रत्येक काळात आढळतात. आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीलाही हा अनुभव नवा नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव होय. इ.स. १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ ऐन विवाहप्रसंगी 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. घर आणि संसार सोडण्याचा त्यांचा निर्णय समाजाने पूज्य मानला, कारण ती निवड स्वधर्माच्या कक्षेतील होती. मात्र एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ही कक्षाच ओलांडली, त्यांच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. अशा व्यक्तींपैकी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे कार्य जालन्याशी निगडित आहे.

धर्मांतराच्या इतिहासलेखनात मिशनऱ्यांचे हेतू, शासनाचे धोरण आणि समाजाची प्रतिक्रिया यांचा विचार पुष्कळ झाला आहे. धर्म निवडणाऱ्या व्यक्तीची स्वतःची कारणे मात्र बहुधा दुय्यम राहिली आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात त्या कारणांचा शोध घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) नारायण शेषाद्री व त्यांच्या बंधूंच्या प्रकरणातून धर्मनिवडीसंबंधी तत्कालीन समाजाची भूमिका समजून घेणे.
२) मराठी धर्मांतरितांनी नोंदविलेल्या कारणांचे स्वरूप तपासणे.
३) बेथेल वस्तीतील मांग कुटुंबांच्या निर्णयाकडे पाहण्याच्या रूढ दृष्टीचे परीक्षण करणे.

१. इ.स. १८४३ चे शेषाद्री प्रकरण :

स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन हे इ.स. १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी सुरू केलेल्या शिक्षणकार्यातून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. इ.स. १८३९ मध्ये या शिक्षणसंस्थेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ माजली. त्यानंतर चार वर्षांनी, इ.स. १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नारायण वयाने सज्ञान असल्यामुळे त्यांच्या निर्णयाला कायद्याने हरकत घेता येण्यासारखी नव्हती. परंतु त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला आणि वादाला तोंड फुटले.

श्रीपती अल्पवयीन होता. प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. तो बाप्तिस्मा न घेताच घरी परतला. असे असूनही तो प्रश्न मिटला नाही. मिशनऱ्याच्या घरी त्याचे अन्नपाणी झाले होते आणि तेवढ्यावरून तो जातिबाह्य ठरत होता. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला. सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला. शुद्धीकरणाच्या आधुनिक इतिहासातील हा एक आरंभीचा प्रसंग मानला जातो.

या प्रकरणाचे मर्म एका गोष्टीत आहे. न्यायालयाने मुलाचे वय पाहिले, जातीने त्याचे जेवण पाहिले. परंतु त्याला काय वाटते हा प्रश्न निर्णायक ठरला नाही. मिशनच्या दृष्टीने तो एक संभाव्य शिष्य होता, कुटुंबाच्या दृष्टीने हिरावला गेलेला पुत्र होता, तर सुधारकांच्या दृष्टीने हिंदू समाजाच्या उदारतेची कसोटी होता. प्रत्येक पक्षाची बाजू समजण्यासारखी होती. विशेषतः पित्याचे दुःख कोणत्याही सैद्धांतिक चर्चेने कमी होणारे नव्हते. तरीही धर्म ही अंतःकरणाची बाब आहे असे सर्वच पक्ष म्हणत असताना निर्णय मात्र अंतःकरणाबाहेरील खुणांवर झाला. इ.स. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर वा जातिबहिष्कार यांमुळे वारसाहक्क नष्ट होणार नाही अशी तरतूद केली. परंतु हा कायदा कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता आणि घरातील ताट व पाणवठा यांवर त्याची सत्ता चालत नव्हती.

२. नोंदविलेली कारणे :

या शतकातील काही मराठी धर्मांतरितांनी आपली कारणे स्वतः लिहून ठेवली. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेले बाबा पदमनजी हे परमहंस मंडळीच्या सहवासात आले होते. जातिभेदाविषयीचा असंतोष आणि पापक्षालनाची व्याकुळता या दोन प्रेरणांतून त्यांचा प्रवास झाला आणि इ.स. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी या स्थित्यंतराचा तपशील दिला आहे.

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा होता. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केलेल्या या विदुषीने इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. स्त्रीकडे पाहण्याची शास्त्रांची दृष्टी हे त्यांच्या असमाधानाचे एक प्रमुख कारण होते. तेथील भगिनीसंघाचे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम त्यांनी फुलहॅम येथे पाहिले आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. म्हणजे त्यांना केवळ युक्तिवादाने जिंकले नाही. समाजाने टाकलेल्या स्त्रीला जेथे आधार मिळतो असे एक घर त्यांना दिसले. पुढे चर्चच्या अधिकारापुढेही त्यांनी आपल्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सोडले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

नारायण वामन टिळक यांना 'पर्वतावरील प्रवचना'ने भारावून टाकले आणि इ.स. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र पतीपाठोपाठ लगेच गेल्या नाहीत. त्यांनी इ.स. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत सोवळ्याची बंधने एकेक करून गळून पडली. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, ही जाणीव त्यांच्या परिवर्तनात निर्णायक ठरली. 'स्मृतिचित्रे'मध्ये ही प्रक्रिया विलक्षण प्रांजळपणे आली आहे.

या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. सुशिक्षितांच्या निर्णयातही ग्रंथवाचनाबरोबर अन्न, घर, पंगत, स्त्रीची प्रतिष्ठा अशा लौकिक गोष्टींचा मोठा वाटा होता. तरीही त्यांच्या निर्णयाला 'आध्यात्मिक' म्हणण्यास इतिहासकार सहसा कचरत नाहीत.

३. बेथेल : न नोंदविलेली कारणे :

नारायण शेषाद्री यांचे प्रमुख कार्यक्षेत्र पुढे निजामाच्या राज्यातील जालना हे झाले. जालना हे त्या काळी लष्करी छावणीचे गाव होते. निजामाचे दिवाण पहिले सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत जालन्याजवळ जमीन मिळवून त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांची स्वतंत्र वस्ती वसविली. तिला 'बेथेल', म्हणजे 'देवाचे घर', असे बायबलमधील नाव देण्यात आले. शेषाद्री यांनी इ.स. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस हजेरी लावली. परदेशातही त्यांनी आपली पगडी व भारतीय पोशाख सोडला नाही. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, हा समज त्यांना मान्य नव्हता असे यावरून म्हणता येते. इ.स. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेथेलमध्ये आलेल्यांत मांग कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. गावगाड्यात मांगांकडे दोरखंड वळणे, केरसुण्या करणे, वाजंत्री वाजविणे अशी कामे होती. वस्ती गावकुसाबाहेर, पाणवठा निराळा आणि देवळाचा उंबरठा वर्ज्य, अशी त्यांची स्थिती होती. या कुटुंबांनी धर्म का बदलला, याचे त्यांच्याच शब्दांतील 'अरुणोदय' किंवा 'स्मृतिचित्रे' उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते प्रामुख्याने मिशनच्या अहवालांतून, आणि अहवालांचा कल स्वाभाविकपणे संख्या व यश यांकडे होता.

तथापि त्या समाजाच्या मनातील प्रश्न जाणून घेण्यास एक समकालीन साधन आहे. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये इ.स. १८५५ साली प्रसिद्ध झाला. वेद जर केवळ ब्राह्मणांचेच असतील तर आपल्याला धर्मग्रंथ नाही आणि म्हणून आपण धर्मरहित ठरतो, असा तिचा तर्क आहे. आपला धर्म कोणता हे कळावे, अशी विनवणी ती ईश्वरालाच करते. मुक्ता साळवे पुण्याची होती आणि तिचा बेथेलशी संबंध नव्हता. म्हणून तिचे म्हणणे जालन्याच्या कुटुंबांवर जसेच्या तसे लादता येणार नाही. परंतु देवाच्या घरात आपल्याला जागा आहे काय, हा प्रश्न त्या समाजात विचारला जात होता, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते. ज्याला देवळात प्रवेश नाही त्याच्या दृष्टीने 'देवाचे घर' या नावाचा अर्थ केवळ अलंकारिक राहत नाही.

४. भाकरीचा आक्षेप :

दलित समाजातील धर्मांतरांवर 'भाकरीसाठी झालेली धर्मांतरे' असा आक्षेप वारंवार घेतला जातो. दख्खनमधील इ.स. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळामुळे या आक्षेपाला बळ मिळाले. उपासमारीत मिळालेल्या आधाराचा प्रभाव नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही. मिशनच्या आश्रयात पालकत्वाची भावना होती आणि ख्रिस्ती मंडळींतही जातिभेद पूर्णपणे संपला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु या आक्षेपामागे एक दुहेरी माप दडलेले आहे. रमाबाईंनी निराधार स्त्रियांचे घर पाहून निर्णय घेतला तर ती आध्यात्मिक प्रेरणा ठरते. मांग कुटुंबाने जमीन, शाळा आणि प्रार्थनामंदिर असलेली वस्ती निवडली तर तो लोभ ठरतो. श्रीपतीच्या बाबतीत जातीने जेवणावरून धर्म ठरविला. येथे टीकाकार धान्यावरून श्रद्धा ठरवितात. दोन्ही ठिकाणी माणसाच्या मनाला विचारण्याचे टाळले जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इ.स. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या मुंबईतील भाषणात धर्मांतराचा विचार ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी केला. मनुष्याची प्रतिष्ठा ही दोन्ही अंगांना जोडणारी बाब होती. त्यांनी स्वतः २१ वर्षांच्या चिंतनानंतर, इ.स. १९५६ मध्ये, बौद्ध धम्म स्वीकारला. बेथेलच्या कुटुंबांनी जे लिहिले नाही त्याला येथे वैचारिक भाषा मिळाली, असे म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. त्याच वेळी इ.स. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे इ.स. १९५६ मध्ये शीख व इ.स. १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश त्यात झाला नाही. परिणामी पूर्वजांच्या धर्मनिवडीची नोंद आजही वंशजांच्या दाखल्यात निर्णायक ठरते.

निष्कर्ष :

१) शेषाद्री प्रकरणात धर्मनिवडीचा निर्णय व्यक्तीच्या मनापेक्षा वय आणि अन्नव्यवहार या बाह्य निकषांवर झाला.
२) सुशिक्षित धर्मांतरितांच्या नोंदींतही लौकिक व आध्यात्मिक कारणे परस्परांत मिसळलेली आहेत, ती वेगळी काढता येत नाहीत.
३) बेथेलच्या मांग कुटुंबांची कारणे त्यांच्या शब्दांत नोंदविली गेली नाहीत. नोंद नसणे म्हणजे कारण नसणे नव्हे.
४) जमीन, शाळा व समान बैठक यांची ओढ ही श्रद्धेच्या विरोधी मानण्याऐवजी तिचाच एक भाग मानल्यास या धर्मांतरांचे अधिक न्याय्य आकलन होऊ शकते.

जालना परिसरातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मौखिक स्मृती, कबरींवरील लेख आणि मंडळ्यांची बाप्तिस्मा-नोंदणीपुस्तके यांचे पद्धतशीर संकलन झाल्यास स्थानिक इतिहासातील ही पोकळी काही अंशी भरून निघेल. समर्थांच्या गृहत्यागाची कथा या जिल्ह्याने जतन केली. बेथेलची वाट धरणाऱ्या कुटुंबांची स्मृतीही त्याच आस्थेने जतन होणे आवश्यक आहे.